वरच्या मजल्याच्या सळया

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी आशा लावून बसायला नको: मिस्त्रींनी आखलेल्यांपैकी एकही गोष्ट झाली नाही. पाण्याखालचं गाव झालं नाही, ट्रकांचं राज्य झालं नाही, उडत्या अजगरांचं सर्व्हिस सेंटर तर नाहीच नाही. असं कुणी तोंडावर म्हटलं की मिस्त्री न चिडता एक शब्द मध्ये घालायचे. "अजून झालं नाही." हा 'अजून' मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो माझ्याही जिभेवर बसलाय. परवा सासूबाईंनी विचारलं, भाजी झाली का, तर मी त्याच सुरात उत्तर दिलं आणि बोलणी खाल्ली.

हे मिस्त्री गवंडीकाम करणारे नव्हेत. ते गेम बनवायचे. मोबाइलवरचा, राक्षस आणि जादूटोण्याचा. आपण एक पात्र घ्यायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, नडेल त्याच्याशी लढायचं, असा लांबलचक गेम. ऐरणगड त्याचं नाव. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं तर म्हणाले, "सर शाळेत असतात. इथं बांधकाम चालू आहे. मिस्त्री म्हण." त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं म्हणे, पण खालचा फॅब्रिकेशनवाला त्या पाटीला कायम ग्रिल टेकवून ठेवायचा, त्यामुळे ती कधी धड वाचता आली नाही.

आमचं ऑफिस आकुर्डीत, त्या फॅब्रिकेशनच्या दुकानाच्या डोक्यावर. खाली खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्याचे कठडे बनायचे. आमची मीटिंग सुरू झाली की खाली ग्राइंडर सुरू व्हायचा, यात कधी खंड पडला नाही. मिस्त्री त्याच्यावर ओरडून बोलायचे नाहीत. बोट वर करून थांबायचे आणि आवाज बंद झाला की वाक्य तुटलं होतं तिथूनच उचलायचे. एकदा "म्हणून" या शब्दावर ग्राइंडर आला. आमचा चहा पिऊन झाला, सागर खाली जाऊन वडापाव घेऊन आला, आम्ही ते खाल्ले, आणि मग आवाज थांबल्यावर मिस्त्री "म्हणून"च्या पुढून सुरू झाले. आम्हालाच मागचं आठवेना.

आम्ही तिघंच होतो. मिस्त्री, राक्षसांपासून रांजणांपर्यंत सगळं घडवणारा सागर, आणि मी. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलीला आकुर्डीत नोकरी कोण देणार, असं घरी सगळ्यांनी मला नीट समजावून सांगितलेलं होतं. मिस्त्रींनी दिली. राक्षसांनी काय बोलायचं ते मी लिहायचं. पण राक्षसांच्या बोलण्यावर तिघांचं पोट भरत नाही, म्हणून आम्ही चाकणच्या कारखान्यांसाठी सुरक्षेचे व्हिडिओही बनवायचो. हेल्मेट का घालावं, फोर्कलिफ्टच्या मागे का उभं राहू नये, असले. त्यात सुरक्षाताई नावाची हेल्मेटवाली बाई सूचना द्यायची. तिचा आवाज माझा. त्यामुळे ऑफिसात माझं नाव सुरक्षाताईच पडलं.

मिस्त्री पायात कायम सेफ्टी शूज घालायचे, लोखंडी टाचणी पडली तरी कारखाना कोसळल्यासारखं दचकायचे, आणि डबा ठरल्या भोंग्यालाच उघडायचे. भोंगा कुठल्या कारखान्याचा ते त्यांनाच माहीत. आम्हाला कधी ऐकू आला नाही. ही सगळी चाकणच्या जुन्या नोकरीची देणगी. तिथे वेल्डिंग करणाऱ्या रोबोंना कामं शिकवणं हे त्यांचं काम. खंडेनवमीला कारखान्यात मशीनींची पूजा होते, हार घालतात, नारळ फोडतात. मिस्त्रींनी एका रोबोला स्वतःच स्वतःला हार घालून नमस्कार करायला शिकवलं. हार नीट घातला. नमस्कार मात्र रोबोने असा मनापासून केला की त्याचं डोकं पुढच्या गाडीच्या टपावर जाऊन बसलं आणि अख्खी लाइन थांबली. "मी राजीनामा दिला," असं मिस्त्री सांगायचे. आम्ही ते मान्य करायचो.

ऐरणगडातही खंडेनवमी पाळली जायची. त्या दिवशी खेळणाऱ्याच्या हातातली तलवार चालायचीच नाही, कारण ती पूजेला बसलेली. लोक लाटणी घेऊन राक्षसांशी लढायचे. राक्षसही लाटणीच घेऊन यायचे, नियम म्हणजे नियम.

आता सळयांचं सांगते, कारण मिस्त्री कळायचे तर सळया कळायला हव्यात.

मिस्त्रींचं घर काळेवाडीत. त्यांचे वडील, आप्पा, लातूरकडून आले, आकुर्डीच्या गाड्यांच्या कारखान्यात चिकटले आणि काळेवाडीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या. वर स्लॅब टाकला आणि खांबांच्या सळया गच्चीवर तशाच उभ्या सोडल्या. पुढेमागे वरचा मजला चढवायचा तर खालच्या खांबाला वरचा खांब जोडता यायला हवा, म्हणून. आमच्याकडे सगळेच तसं करतात. घर पूर्ण होत नसतं, ते तेवढ्यापुरतं थांबतं. सळयांवर पालथ्या बाटल्या घालायच्या, त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत टाकायचे आणि वाट बघायची. वरचा मजला पोराचा, असं आप्पा म्हणायचे. पोरगं त्या सळयांच्या मधून पतंग उडवत मोठं झालं आणि गेम बनवायला लागलं. मग ते दुसरं काय करणार?

ऐरणगडच्या प्रत्येक गावात मिस्त्रींनी सळया सोडल्या होत्या. न उघडणारी दारं. वर जाऊन पत्र्याला धडकणारे जिने. "पुढच्या खेपेला या, मग सांगतो," एवढंच बोलणारे म्हातारे. गेममध्ये पुढे भर घालायची असते त्याला बाकीचे लोक काय वाट्टेल ते म्हणोत, मिस्त्री 'वाढीव बांधकाम' म्हणायचे. खेळणारे वैतागायचे. कुणी लिहायचं, "दार उघडत न्हाई राव." खाली मिस्त्रींचं उत्तर, "काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." कुणी लिहायचं, "भावा, चावी कुठं भेटंल ते तरी सांग." मिस्त्री लिहायचे, "चावी तयार आहे. खोली व्हायची आहे."

आणि खोल्या तरी केवढ्या. ऑफिसच्या गच्चीवर ते फक्कीने आखणी करायचे. पाया खणायच्या आधी जमिनीवर ती पांढरी पूड टाकून रेघा मारतात, तशी. "इथून समुद्र. पाय बाजूला घे." आपण निमूटपणे समुद्राला वळसा घालून कपडे वाळत टाकायच्या दोरीकडे जायचं. झाडूवाल्या मावशींनी एकदा उत्तरेचं एक राज्य झाडून काढलं, तर मिस्त्री त्यांना नकाशा समजावत बसले. मावशी म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतं तर मी राज्याच्या कडंकडंनं झाडलं असतं." पुढे एकदा पाण्याची टाकी भरून वाहिली आणि उरलेलं सगळं बुडालं. आम्हाला वाटलं आता हे कोसळतील. मिस्त्री ओल्या बुटांनी उभं राहून म्हणाले, "पाण्याखालच्या गावाची जागा मिळाली."

सगळ्यात भन्नाट बेत ते चाकणच्या चौकात सांगायचे. कारखान्यात व्हिडिओ द्यायला आम्ही त्यांच्या स्कूटरवर जायचो आणि चौकात अडकायचो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आम्ही. लोक हॉर्न वाजवायचे, मिस्त्री मान वळवून मला सांगायचे, "सुरक्षाताई, ऐक. हा जॅम कधी सुटलाच नाही असं धर. पिढ्या गेल्या. प्रत्येक ट्रक म्हणजे एक घर झालं. पुढच्या ट्रकातली मुलगी, मागच्या ट्रकातला मुलगा. वरात टपावरून जाते. मुलीला सासरी देताना आई रडते, का, तर चार ट्रक लांब दिली."

"आणि राजा?" मी विचारायचे.

"राजा सिग्नलपाशी. त्यानं हिरवा दिवा कधीतरी पाहिलाय असा समज आहे. त्याला लोक मानतात." एकदा शेजारच्या टेम्पोवाल्याने काच खाली करून विचारलं, "मग पुढं काय झालं भाऊ?" मिस्त्रींनी त्याला पुढचं सांगितलं. मला आठवतं, गर्दी सुटली तेव्हा त्या टेम्पोवाल्याचं तोंड उतरलं होतं.

अशाच एका फेरीत आमची फजिती झाली. सागरने घाईत भलतीच, स्वतः गमतीत केलेली फाइल दिलेली. कारखान्याच्या हॉलमध्ये कामगार बसलेले, निम्मे डुलक्या घेत, पडद्यावर फोर्कलिफ्टचा व्हिडिओ सुरू झाला आणि फोर्कलिफ्टवर कामगाराच्या जागी आमचा राक्षस. सुळे, शिंगं, रांजणासारखं पोट. नावही रांजण्याच. पण चालवत होता झकास. वळणावर हॉर्न देत होता, माणूस दिसला की थांबत होता. डुलक्या घेणारे ताठ बसले. मागून एकजण म्हणाला, "आपल्या शिफ्टमधलाच हाय ह्यो." व्हिडिओ संपला, दिवे लागले, आणि सेफ्टी ऑफिसर उठून उभे राहिले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ते मिस्त्रींना म्हणाले, "ऑपरेटरनं हेल्मेट घातलेलं नाही."

"शिंगं आहेत साहेब. हेल्मेट बसत नाही."

साहेबांनी खरोखर विचार केला. "मग भोकं पाडून घ्या. पण हेल्मेट पाहिजे. सीटबेल्ट लावलाय, ते बरं केलंत."

आम्ही भोकाचं हेल्मेट केलं. व्हिडिओ गाजला. बाकीच्या कारखान्यांतून 'राक्षसवाला' व्हिडिओ मागायला लागले. मग दुसऱ्या कारखान्याच्या ऑफिसरने हरकत घेतली की भोक पाडलेलं हेल्मेट नियमाने बाद होतं. झालं, शिंगंच कापावी लागली. आणि सागरने व्हिडिओला आणि गेमला एकच साचा वापरलेला, त्यामुळे एका सकाळी ऐरणगडातले सगळे राक्षस बिनशिंगाचे, हेल्मेट घालून उभे. खेळणारे विचारायला लागले, शिंगं कुठं गेली? मिस्त्रींनी उत्तर टाकलं, "सुरक्षेच्या कारणास्तव काढण्यात आली आहेत."

हा रांजण्या गेममध्ये गडाच्या वेशीवर पहारा द्यायचा. त्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

कारखान्यात शिफ्ट संपली की लगेच घरी जाता येत नाही. आपल्या जागी पुढच्या शिफ्टचा माणूस यावा लागतो. तो रिलीव्हर. तो येईपर्यंत मशीन सोडायचं नाही. हा शब्द आमच्या भागात घराघरांत आहे. मिस्त्रींच्या आई गॅसवर दूध ठेवून "रिलीव्हर पाठवा कुणीतरी" म्हणायच्या. ऐरणगडातले राक्षसही शिफ्टमध्येच काम करायचे. गेममध्ये भोंगा व्हायचा, सगळ्यांचे रिलीव्हर यायचे, सगळे सुटायचे. फक्त रांजण्या सुटायचा नाही. कारण त्याचा रिलीव्हर वेशीपलीकडच्या राक्षसनगरातून यायचा होता, आणि राक्षसनगर वरच्या मजल्यावर. म्हणजे दुसऱ्या भागात. म्हणजे अजून झालेलं नाही. भोंगा झाला की रांजण्या मान वळवून बंद वेशीकडे बघायचा, उसासा टाकायचा आणि विचारणाऱ्याला सांगायचा, "रिलीव्हर आला की सुटतो." ते वाक्य मीच लिहिलेलं. तेव्हा गंमत वाटली होती.

लोकांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. त्याच्या पायाशी चहा ठेवायला लागले. भाकऱ्या, हार, ढाली, जे जवळ असेल ते. कंपनीच्या बसमधून येता-जाता खेळणारा कुणी कंत्राटी कामगार लिहायचा, "याचा ओव्हरटाइम डबल रेटनं लावा." आणि सगळ्यांत मोठा भक्त घरातच होता. आप्पा जेवण झालं की फोन डोळ्यांजवळ धरायचे, लढाई-बिढाई काही न करता थेट वेशीवर जायचे आणि रांजण्यापाशी उभे राहायचे. मग मुलाला ऑफिसात फोन.

"कामून उभा करून ठेवलास त्याला? रिलीव्हर कुठाय त्याचा?"

"वरच्या मजल्यावर आहे आप्पा. मजला व्हायचाय."

"मंग मजला हुईपर्यंत मानसानं उभंच ऱ्हायाचं का?"

"राक्षस आहे तो आप्पा."

"ड्युटीवर हाय का न्हाई?"

आप्पांची एक दिवाळी अशीच मशीनपाशी गेली होती. रिलीव्हर गावाकडून परतलाच नव्हता. इकडे मिस्त्री, तेव्हा चड्डीतले, मांडीवर फटाके घेऊन घरापुढच्या ओट्यावर बसलेले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही ग्राइंडर सुरू असताना, त्यामुळे अर्धं मी ओठांवरून ओळखलं.

मग सुरक्षेची कामं आटली. कारखाने स्वतःच व्हिडिओ बनवायला लागले. आमचा गेम ज्या भाड्याच्या मशीनींवरून चालायचा त्या बंद करायची वेळ आली, आणि त्या बंद म्हणजे ऐरणगड बंद, सगळ्या गावांसकट. त्याच सुमारास मुंबईच्या एका कंपनीने गेम विकत मागितला. त्यांच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर आल्या. तरुण होत्या, नीट बोलत होत्या, गेम खरंच खेळल्या होत्या. त्यांची अट एकच. "अर्धवट काहीही दिसायला नको. जी दारं उघडत नाहीत ती काढून टाका. तिथे सरळ भिंत करा. वेशीपलीकडचंही."

म्हणजे सळया कापा. सळई कापली की वरच्या मजल्याची आशा संपली, हे काळेवाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. विकावं तर मजला जाणार, न विकावं तर घरच जाणार. मिस्त्री काहीतरी बोलायला लागले, "ते असं आहे मॅडम, की" आणि खाली ग्राइंडर सुरू झाला. त्यांनी बोट वर केलं. मॅडम थांबल्या. ग्राइंडर बंद झाला, तरी मिस्त्री पुढे बोललेच नाहीत. असं कधीच झालं नव्हतं.

बरेच दिवस ते तसेच होते. गच्चीवर जायचे, फक्कीची पिशवी हातात घ्यायचे आणि तशीच ठेवून खाली यायचे. शेवटी आप्पाच बस पकडून आकुर्डीला आले, जिना चढले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काप."

"आप्पा..."

"गंजली म्हंजी सळई सिमिट धरत न्हाई. मला इचार."

"मग आपल्या गच्चीवरच्या?"

"त्यांस्नी मी बाटल्या घातल्यात," आप्पा म्हणाले. मग हळू आवाजात, "पर इकायच्या आदी त्या रांजण्याला सोडीव. ड्युटीवरचा मानूस तसाच ठिवून कंपनी इकत नसत्यात."

आमचं दुःख करून झालं होतं, आता वेडेपणाच उरला होता. मिस्त्रींनी ठरवलं की एकही दार मुकाट्याने पाडायचं नाही, प्रत्येकाचा सेवापूर्ती समारंभ करायचा. सागरने छोटा फ्लेक्स बनवला. खालच्या फॅब्रिकेशनवाल्या भाऊंना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. शाल एक, नारळ एक. स्क्रीनला शाल पांघरायची, नारळ पुढे धरायचा, भाषण झालं की घडी घालून पुढच्या दारासाठी परत घ्यायची. भाषणं मी लिहायची. "आपल्या संपूर्ण सेवाकाळात या दाराने एकदाही उघडल्याची तक्रार येऊ दिली नाही." "हा जिना आयुष्यभर वर जात राहिला, पण पोचल्याचा गर्व त्याला कधी शिवला नाही." भाऊ टाळ्या वाजवायचे, मिस्त्री बटण दाबायचे आणि दाराच्या जागी साफ भिंत उभी राहायची. एका म्हाताऱ्याच्या वेळी भाऊंनी स्वतःहून चार शब्द बोलायची परवानगी मागितली आणि त्यांना हुंदका आला. हसून हसून माझ्या पोटात दुखत होतं आणि आतून इतकं वाईट वाटत होतं की काय करावं कळत नव्हतं. पाण्याखालचं गाव गेलं. ट्रकांचं राज्य गेलं. राक्षसनगर गेलं, तिथे तर आम्ही दोन मिनिटं शांत उभे राहिलो.

उरला रांजण्या. नवा रिलीव्हर घडवायला सागरकडे वेळ नव्हता, म्हणून तयार साच्यातली सुरक्षाताईच घेतली. हेल्मेट होतंच, हातात डबा दिला. तिने काय बोलायचं ते मी छान लिहिलं, पहाऱ्याबद्दल, निष्ठेबद्दल, वाट बघण्याबद्दल. आप्पांना वाचून दाखवलं.

"येवढं कुनी बोलत नसतंय," आप्पा म्हणाले. "रिलीव्हर आला की म्हनतो, झालं का? निघ आता."

तेवढंच ठेवलं. भाऊंनी माझ्या रेकॉर्डिंगसाठी ग्राइंडर बंद ठेवला, आपण होऊन, पहिल्यांदाच.

आणि मग आम्ही सगळे आप्पांच्या फोनभोवती जमलो. भोंगा झाला. सुरक्षाताई डबा हलवत आली. माझ्या आवाजात म्हणाली, "झालं का? निघ आता." रांजण्या हलला. इतका काळ त्याला उभा पाहिलेला, चालतो कसा हे आम्हाला माहीतच नव्हतं. पायाशी साठलेल्या चहाच्या कपांमधून वाट काढत तो निघाला. आप्पा फोन हातात धरून खुर्चीतून उठून उभे राहिले. रांजण्या वेशीपर्यंत गेला. तिथे आता भिंत होती. तो भिंतीकडे तोंड करून थांबला. थोड्या वेळाने वळला, परत आला आणि सुरक्षाताईच्या शेजारी उभा राहिला. पुढच्या भोंग्याला पुन्हा तेच.

सागरने डोकं खाजवलं. "मिस्त्री, त्याचं घर राक्षसनगरात होतं. ते आपण पाडलं, पण याच्या डोक्यातला पत्ता तोच राहिलाय. तो घर शोधतोय. काढून टाकू का पत्ता? पाच मिनिटांचं काम."

मिस्त्री "राहू दे," म्हणाले. गेम तसाच मुंबईला गेला.

आम्ही पांगलो. सागर आता चऱ्होलीच्या बिल्डरांसाठी न झालेल्या इमारतींची चित्रं बनवतो, तळ्यात बदकांसकट. मी एका कारखान्यात ट्रेनिंगला आहे. मिस्त्री पुन्हा चाकणला रोबोंकडे गेले. रोबोला नमस्कार शिकवायचा नाही, ही अट त्यांनी हसत मान्य केली. ऐरणगड अजून आहे, नीटनेटका, एकही अडलेलं दार नसलेला. त्यात मला फारसं करमत नाही, पण अधूनमधून वेशीवर जाऊन येते.

परवाच्या गुरुवारी मी काळेवाडीला त्यांच्याकडे गेले होते. आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, मुंबईत मात्र कामाचा दिवस. आप्पा गच्चीवर खाटेवर बसलेले, सळयांवर पालथ्या बाटल्या, दोरीवर चादरी. मी आणि मिस्त्री चहा पीत होतो तेवढ्यात मुंबईच्या त्या मॅडमचा फोन आला. हातात बशी होती म्हणून मिस्त्रींनी तो स्पीकरवर घेतला.

"सर, एक विचारायचं होतं. तो वेशीवरचा राक्षस. दर शिफ्टला भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. हजार लोकांनी लिहिलंय, तो काय करतो तिथे म्हणून. भिंतीपाशी चहा ठेवायला लागलेत लोक. आमची टीम म्हणते बग आहे, काढून टाकू. मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारते."

"बग नाही मॅडम," मिस्त्री म्हणाले. "तो घरी चाललाय."

"पण सर, तिथे घर नाहीये."

"अजून नाही."

मॅडमनी विचारलं, "किती खोल्यांचं होतं, सर?"

चाकणच्या चौकात टेम्पोवाल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ सांगणारा हा माणूस. बशी हातात तशीच. मी खुणेने म्हटलं, बोला ना, तर नुसतीच मान हलवली.

खाटेवरून आप्पांनी हात केला. "दोन खोल्या म्हनावं. म्होरं ओटा. आन् तिला सांग, वर सळया सोडा."

मिस्त्रींनी तसंच सांगितलं.